जागं घराणं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वयाची पंचेचाळिशी उलटली, कानांजवळ पांढरे केस आले, हाताखाली माणसं आली, तरी धाकटी ती धाकटीच. थोरल्या बहिणीने लहानपणी हाक मारली आणि पुढे ती बदलायची कुणाची छाती झाली नाही. कामाच्या ठिकाणी तिला माघारी ‘उंदरांची आई’ म्हणत. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, “आई कसली? सासू म्हणा. सारख्या चुकाच काढत असते त्यांच्या.”

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. उंदरीचं नुकतंच फळलेलं अंडं घ्यायचं, केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यात एक परकं जनुक सोडायचं आणि ते अंडं दुसऱ्या उंदरीच्या पोटात वाढवायचं. साधलं तर पिल्लू ते जनुक अंगभर घेऊनच जन्माला येतं. शेपटीच्या टोकापासून डोळ्यांच्या बाहुल्यांपर्यंत प्रत्येक पेशीत ते असतं. पण असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. खोलीखोलीत दिवा बसवला, तरी जिथलं बटण दाबू तिथलाच दिवा लागतो. धाकटीचं उभं आयुष्य असं एक बटण बनवण्यात गेलं होतं. जनुकाच्या आधी जोडायचा डीएनएचा छोटासा तुकडा, पण असा की त्याला फक्त यकृताची भाषा कळावी. यकृतात दिवा लागावा आणि बाकी सगळ्या अंगात अंधार असावा. दिवा लागला की नाही हे दिसावं म्हणून तिने उंदरांमध्ये त्या जनुकाला हिरवं चमकणारं एक प्रथिन जोडून दिलं होतं.

ते जनुकही तिने सहज म्हणून निवडलं नव्हतं. आपण अंडं खातो, दूध पितो, त्यातून अंगात थोडं विष तयार होतं आणि यकृत ते गुपचूप निस्तरतं. काही लेकरं मात्र जन्माला येतात ती हे निस्तरणारं जनुक मोडलेलं घेऊनच. मग ते विष रक्तात साठतं आणि डोक्यात चढतं. थोरलीचा पहिला मुलगा असाच गेला, त्याला अजून नावही ठेवलं नव्हतं. नंतरची मुलगी वाचली, पण कशी, तर तोलून मापून. अर्ध्या अंड्याच्याही निम्मं, दुधाचे दोन चमचे, मासा फक्त दुसऱ्याच्या ताटात बघायचा. घासच चिमणीएवढा, म्हणून नावही चिमणीच पडलं. पोटात कावळे ओरडत असताना ही पोरगी इतरांना वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. एवढं करूनही वर्षातून एकदोनदा तिची शुद्ध हरपायची आणि थोरली शाळेतला गणिताचा तास अर्धा टाकून दवाखान्याकडे धावायची. भाऊजी जहाजावर. ते परत येईपर्यंत संकट येऊन गेलेलं असायचं.

म्हणून जेव्हा धाकटीचं बटण उंदरांत नीट चाललं, आणि मोठ्या रुग्णालयाने तेच बटण, तेच जनुक विषाणूच्या पोकळ टरफलात भरून माणसांच्या रक्तात सोडायला घेतलं, तेव्हा पहिल्या मोजक्या रुग्णांमध्ये चिमणीचं नाव लागलं. धाकटी त्या निवडीपासून लांब राहिली होती. थोरलीने मात्र सही करायच्या आधी तिला एकच प्रश्न विचारला होता.

“फक्त यकृतातच ना गं?”

“फक्त यकृतात,” धाकटी म्हणाली होती.

आणि खरंच, जादू झाली. काही महिन्यांतच चिमणी पूर्ण अंडं खायला लागली, मग दोन, मग मासे. गालांवर रंग आला, ओढणीतून हाडं दिसायची थांबली. थोरलीने फोन करून म्हटलं, “लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तू उंदीर पोखरून माझी पोरगी काढलीस बाई!” त्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून मनसोक्त रडली.

त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट. उंदरांच्या खोलीला खिडकी नसते. दिवे लागले की दिवस, विझले की रात्र. आणि उंदीर रात्रीचा प्राणी, दिवस हा त्याच्या झोपेचा. दिवे लागलेले असताना पेटीत डोकावलं की कागदाच्या कपट्यांचं घरटं दिसतं आणि त्यात एकावर एक रचलेले ऊबदार गोळे, कुणाचं शेपूट कुणाच्या नाकाशी ते ओळखू येत नाही. पायांत कापडी खोळी चढवून, अंगावर झगा घालून धाकटी आत आली, पहिल्या घराण्याच्या मांडणीसमोर गेली आणि थबकली. एका अंड्यापासून पुढे वाढलेल्या प्रजेला तिथे घराणं म्हणायची पद्धत होती. गाण्याचा गंध नाही, पण घराणी दोन, असा विनोद व्हायचा.

पहिलं घराणं जागं होतं. पळत नव्हतं, खात नव्हतं, भांडत नव्हतं. कोवळ्या पिढीच्या दोनचार पेट्या सोडल्या तर प्रत्येक पेटीत उंदीर पुढच्या भिंतीशी आले होते आणि मागच्या पायांवर बसून, पुढचे पंजे छातीशी धरून बाहेर बघत होते. मागे घरटी रिकामी पडली होती.

उंदीरखाना सांभाळणारे काका पलीकडे पाण्याच्या बाटल्या बदलत होते.

“काका, हे कधीपासून?”

“आठवडा तरी झाला बघा. आधी म्हाताऱ्यांनी सुरू केलं. म्हटलं, म्हातारपणी झोप कमी होतेच. माझीही झालीये.” काका हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली.

धाकटीने एका पेटीच्या झाकणावर टिचकी मारली. एरवी एवढ्याने आत दाणादाण उडायची. एकही उंदीर दचकला नाही. सगळ्यांनी सावकाश माना वळवल्या आणि तिच्या बोटाकडे बघितलं. तिने बोट हळूच मागे घेतलं. आपण ते का घेतलं, हे तिचं तिलाच समजेना.

दुपारी तिने त्या घराण्यातला एक म्हातारा उंदीर वेदना न देता मारला आणि त्याच्या अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. यकृत पानासारखं हिरवंगार चमकत होतं, व्हायला हवं तसंच. मूत्रपिंड काळं. हृदय काळं. स्नायू काळे. मग तिने मेंदू घेतला. एकामागून एक काप सरकवत गेली, सगळीकडे अंधार होता, तिचा जीव भांड्यात पडू लागला होता, आणि मेंदूच्या अगदी तळाशी, मोहरीहून लहान जागेत, हिरवा ठिपका लुकलुकला.

तिने डोळे चोळले. काच पुसली. दुसरा काप लावला. ठिपका होताच. आणि ती जागा कुठली हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जागेपण आणि झोप जिथून हलतात ते मेंदूतलं ठाणं होतं ते.

मग तिने त्याच घराण्यातल्या, अजून झोपणाऱ्या एका तरुण उंदराचा मेंदू पाहिला. तिथे काळोख होता. म्हणजे हा दिवा जन्मापासून लागत नव्हता. वय होईल तसा लागत होता. आणि माणसांना औषध देण्यापूर्वीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या त्या तरुण उंदरांवर.

विभागाचे प्रमुख निवृत्तीला आलेले होते. चांगला माणूस, पेन्सिल चावायची तेवढी खोड. त्यांनी कापांची चित्रं बराच वेळ पाहिली.

“हे बघ,” ते म्हणाले, “आपण सुईने जनुक सोडतो, पण ते गुणसूत्रावर कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात असतं का? नाही. शेजारी मेंदूत चालणारं एखादं जनुक असेल, त्याच्या बटणाने आपला दिवाही पेटत असेल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तसं झालं असेल. माणसांत आपण जनुक असं गुणसूत्रात घुसवत नाही, तिथे शेजाराचा प्रश्न येत नाही.”

“असेल,” ती म्हणाली. “पण नसेल तर?”

“दुसरं घराणं बघ. त्यांच्यात तेच जनुक भलत्याच गुणसूत्रावर बसलंय. ते झोपत असतील, तर दोष शेजाऱ्याचा.”

“आणि झोपत नसतील, तर?”

प्रमुखांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “तर दोष बटणाचा,” ते म्हणाले.

दुसरं घराणं वरच्या मजल्यावर होतं. धाकटी जिना धापा टाकत चढली. दार उघडलं. घरट्यांमध्ये गोळ्यांवर गोळे रचलेले, नाकं कपट्यांत खुपसलेली, पोटं लयीत वरखाली होणारी. सगळे गाढ झोपेत. तिला त्या क्षणी प्रत्येकाचा मुका घ्यावासा वाटला. पण दार ओढून घेताना तिला आठवलं की हे घराणं मागाहून जन्मलं आहे. यांच्यात अजून म्हातारं कुणी नाही.

संध्याकाळी तिने थोरलीला फोन लावला. विचारायचं होतं ते थेट कसं विचारावं हे सुचेना, म्हणून इकडचं तिकडचं बोलत राहिली.

“चिमणी काय म्हणते?”

“अगं, काय सांगू तुला!” थोरलीचा आवाज नुसता फुलला होता. “पोरगी ओळखू येत नाही. पहाटे उठून बघावं तर दिवा चालू, पुस्तक उघडं. म्हटलं, झोपलीस कधी? तर म्हणते, झोप आली नाही आई, आणि थकलेही नाही. गेले दोनतीन आठवडे असंच चाललंय. कुंभकर्णाची बहीण होती ती! आठवतं ना, परीक्षेच्या दिवशी तोंडावर पाणी मारून उठवायला लागायचं? आता बघ. इतकी वर्षं त्या विषाने तिची सगळी ताकद खाल्ली होती, ती आता परत येतीये.”

धाकटीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“ऐकतेस ना?” थोरलीने विचारलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली. “ताई, तिला एकदा डॉक्टरांना दाखव.”

“कशाला? बरी आहे म्हणून?”

डॉक्टरांना दाखवून झालं. यकृत उत्तम, रक्त स्वच्छ. झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यांनी तास दोन तास गुंगी आली आणि पुन्हा डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी प्रमुखांना कळवलं की औषध घेतलेल्या आणखी दोघांचीही झोप कमी झाली आहे, पण तक्रार कुणाचीच नाही. एक गृहस्थ तर म्हणाले होते की उभ्या जन्मात इतकं शांत वाटलं नव्हतं. रुग्णालयाने नवे रुग्ण घेणं तूर्त थांबवलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र वरच्या मजल्यावर घरट्यांत झोपलेलं होतं.

धाकटी रोज दिवस चढला की तिथे जायची. दाराशी क्षणभर थांबायची, दवाखान्यात बंद पडद्याबाहेर नातेवाईक थांबतात तशी, आणि मग आत. झोपलेले. दुसऱ्या दिवशी, झोपलेले. तिला आशा वाटायला लागली होती. इकडे खालच्या पहिल्या घराण्याचं तिला बघवत नव्हतं. जागेच होते, पण आता खाणं सोडायला लागले होते. अन्न समोर असे, भूकही असावी, पण जाऊन खावं एवढं त्यांना वाटतच नसावं. पिल्लं आईला लुचायला धडपडत आणि आई बाहेर बघत बसे. मग एकेक बसल्या जागीच जाऊ लागला. सकाळी काका पेटी उघडत तेव्हा तो पंजे छातीशी धरून तसाच बसलेला असे, डोळे उघडे. हात लावल्यावर कळायचं.

“मला ही खोली नको बाई,” काका एक दिवस म्हणाले. “दुसरी कुठलीही द्या. हे मरतात त्याचं काही नाही, उंदीर मरतातच. पण मरणारा आहे तो आणि जिवंत आहे तो, यांत फरकच दिसत नाही.”

आणि मग ती सकाळ आली. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मांडणीत, मधल्या पेटीत, झोपलेल्या भावंडांच्या ढिगावर एक उंदीर उठून बसला होता. पंजे छातीशी. तिची वाटच बघत असल्यासारखा. आठवडा सरेपर्यंत शेजारच्या पेट्यांतही रिकामी घरटी दिसू लागली. धाकटीने कापांची वाट पाहिली, पण त्याआधीच ती समजून चुकली होती. दोन घराणी, दोन वेगळे शेजार आणि ठिपका तोच. दोष शेजाऱ्याचा नव्हता. तिने बनवलेलं बटण म्हातारपणी आणखी एक भाषा शिकत होतं.

प्रमुखांनी चित्रं पाहिली आणि या वेळी म्हण काढली नाही. त्यांनी तिच्यासमोरच रुग्णालयाला फोन लावला, काय दिसलं ते स्वच्छ सांगितलं आणि प्रयोग कायमचा बंद करायला सांगितलं.

“ज्यांना दिलंय त्यांचं काय, सर?” तिने विचारलं. “उंदरांना म्हातारं व्हायला लागलं. माणसांत इतकं लवकर का?”

“माणसांत डोस मोठा होता, म्हणून असेल. माहीत नाही.” त्यांनी चित्रांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. “दिलेलं परत काढून घेता येत नाही, हे मात्र तुलाही माहीत आहे.”

थोरलीला हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. धाकटी तिच्या घरी गेली. दुपारची वेळ होती, थोरली टेबलावर वह्या तपासत होती, चिमणी समोर बसून उकडलेलं अंडं सोलत होती. धाकटीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. थोरली ऐकता ऐकता उभी राहिली.

“तुझे उंदीर आणि माझी पोरगी एक नाहीत!”

“नाहीत, ताई. एक नसावेत अशी माझीही इच्छा आहे.”

“इच्छा? तू मला काय म्हणाली होतीस? फक्त यकृतात. फक्त यकृतात म्हणाली होतीस ना? एक पोर मी मातीत घातलंय, धाकटे. दुसरी मी तुझ्या शब्दावर दिली.”

मान खाली घालून धाकटी उभी राहिली. लहानपणी काही फोडलं की अशीच राहायची.

चिमणीने अंड्याचं टरफल नीट गोळा करून बशीत ठेवलं. “आई, तिला ओरडू नकोस,” ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, त्यात ना भीती ना राग. “मावशी, पुढे काय झालं त्या उंदरांचं?”

“चिमणे—”

“सांग ना. मला कळायला हवं.”

धाकटीने सांगितलं. खाणं सोडतात तेही सांगितलं, बसल्या जागी जातात तेही. थोरलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चिमणीने ऐकून घेतलं, मान हलवली आणि अंडं खाल्लं. धाकटीला सगळ्यात जास्त धसका कशाचा बसला असेल, तर त्या मान हलवण्याचा. पेनाची शाई संपली म्हटल्यावर हलवावी तशी ती हलली होती.

एक वाट उरली होती आणि ती धाकटीच्याच बटणात होती. पोटात प्रथिनं गेली की यकृतावर काम वाढतं, म्हणून बटणही त्या प्रमाणात जोरात चालावं अशी सोय तिने मुद्दाम करून ठेवली होती. मग खाणंच तोडलं तर? तिने दुसऱ्या घराण्यातल्या जाग्या उंदरांना प्रथिन जवळजवळ नसलेलं खाद्य लावलं. काही मेले. पण काही पेट्यांत, दिवे लख्ख असताना, उंदीर मागे वळले, घरट्यापर्यंत गेले आणि आत शिरून गोळा झाले. कापांत ठिपका विझला नव्हता, पण मंदावला होता. अर्थात त्याबरोबर यकृतातला दिवाही मंदावला होता.

याचा अर्थ डॉक्टरांनी थोरलीला समजावून सांगितला. नीट खाल्लं तर विष निस्तरेल, पण झोप जाईल आणि झोपेमागून बाकी सगळं. खाणं तोडलं तर थोडी झोप येईल, पण विष पुन्हा डोक्यात चढायची टांगती तलवार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावरून रोज चालायचं. औषध घेतलेल्या सगळ्यांना हेच सांगितलं गेलं. सगळ्यात शांत वाटणारे ते गृहस्थ तपासणीला आलेच नाहीत. माणूस पाठवला, तर बायको दारात येऊन म्हणाली, “ते ठीक आहेत. खिडकीशी बसलेत,” आणि तिने दार लावून घेतलं. पुढच्या खेपेला दार उघडायलाही कुणी आलं नाही.

थोरलीने तोलकाटा पुन्हा माळ्यावरून काढला. पहिले काही दिवस फळही दिसलं. चिमणी दुपारी घटकाभर झोपली. थोरलीने फोनवर कुजबुजत सांगितलं, “घोरतेय गं, घोरतेय!” आणि दोघी बहिणी फोन कानाला लावून ते घोरणं ऐकत राहिल्या. त्यानंतर झोप वाढायला हवी होती, ती वाढेना. उलट कमी होत गेली. डॉक्टरांनी रक्त पाहिलं तर ते नको तितकं चांगलं होतं. विष निस्तरलं जात होतं, म्हणजेच बटण जोरात चालत होतं, म्हणजेच कुठून तरी प्रथिनं पोटात जात होती.

थोरली रडकुंडीला येऊन म्हणाली, “मी तर ग्रामग्राम तोलून देते!” शेवटी धाकटीने रजा टाकली आणि चिमणीला आपल्या घरी घेऊन आली. दोन खोल्यांचं घर, माणूस एकटं, स्वयंपाकघरात काय आहे नि काय नाही सगळं डोळ्यांपुढे. तरी दोनच दिवसांत बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात, कागदात गुंडाळलेले दुधाच्या भुकटीचे रिकामे पुडे तिला सापडले. खाली वाण्याचं दुकान होतं.

तिने ते टेबलावर ठेवले. चिमणीने पाहिले आणि नाकारलं नाही.

“असं का गं करतेस?” धाकटीने विचारलं. “भूक सहन होत नाही का? तसं असेल तर आपण डॉक्टरांशी बोलू.”

“भूक नाही लागत मला फारशी. भुकटी जबरदस्तीनेच खाते.”

“मग?”

चिमणी जराशी हसली, मोठं माणूस लहान मुलाला समजावताना हसतं तसं. “मावशी, मी जन्मभर घाबरत आलेय. एक घास जास्त गेला तर काय होईल, झोपले आणि उठलेच नाही तर काय होईल. आई कशी बघायची माझ्याकडे, मी जेवताना, आठवतं? आता ते सगळं थांबलंय. आत इतकं स्वच्छ आहे ना, की काय सांगू. मला झोप नकोय. तुम्ही तोलून देता तेव्हा थोडी झोप येते आणि तिच्याबरोबर ती भीती परत येते. म्हणून खाते.”

“आणि पुढे काय होणार ते माहीत असूनही?”

“माहीत आहे. त्याचीही भीती वाटत नाही.”

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. डोळे तेच, हनुवटीवरचा तीळ तोच, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय तीच. जी पोरगी जन्मभर जीव मुठीत धरून जगली, तिला निर्भय व्हावंसं वाटलं तर त्यात नवल काय? पण हे तिलाच वाटत होतं की मेंदूच्या तळाशी लागलेल्या त्या दिव्याला? सूक्ष्मदर्शकाखाली धाकटीने कितीतरी गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या होत्या. ही एक वेगळी करायची युक्ती तिच्याजवळ नव्हती.

“तुझ्या आईसाठी खा,” ती शेवटी म्हणाली. “तोललेलं तेवढंच खा. स्वतःसाठी नको, तिच्यासाठी.”

“बरं,” चिमणी म्हणाली. इतक्या लगेच, इतक्या गोड आवाजात, की धाकटीला ते खरं वाटेना.

धाकटीने खालच्या दुकानदाराला बजावून सांगितलं, दाराची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली आणि दुपारचं ताट तोलून वाढलं. चिमणी समोर बसून निमूटपणे जेवली, ताट धुऊन पालथं घातलं आणि आतल्या खोलीत गेली. “झोपते गं मावशी,” तिने आतून सांगितलं.

धाकटी थोड्या वेळाने दाराशी जाऊन उभी राहिली. पडद्यातून उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. चिमणी कुशीवर वळलेली होती, डोळे मिटलेले, हात उशीखाली. बघणाऱ्याला वाटावं, काय छान झोपली आहे. पण धाकटीने कितीतरी झोपी गेलेल्या जीवांची पोटं वरखाली होताना पाहिली होती. झोपेतला श्वास कसा सैल पडतो, मध्येच कसा अडखळतो, हे तिला ठाऊक होतं. चिमणीचा श्वास एकसारखा, शिस्तीत, मोजून घेतल्यासारखा चालला होता.

“चिमणे,” तिने हळूच हाक मारली.

पापण्या हलल्या नाहीत. श्वास तसाच चालू राहिला. धाकटीने दाराशी खुर्ची ओढली आणि तिच्याकडे बघत बसून राहिली.